हिरड्या, शेवगा आणि आबांची गोळी
(सोसायटीचा ग्रुप, कुडाळ)

नीलेश, सी-२०२: फॉरवर्ड आलंय. हिरड्यांतून रक्त म्हणजे व्हिटॅमिन के कमी. रोज सकाळी शेवग्याच्या पाल्याचा रस प्या, आठ दिवसांत बंद 🙏

वैदेही, बी-१०४: वेळेवर टाकलंत दादा. आबांना चार दिवस ब्रश करताना रक्त येतंय. पाला काढून ठेवलाय, उद्यापासून देते.

परब काकू, ए-३०१: वैदेही, थांब. आबांच्या हृदयाची झडप बदललीय ना? गोळी कुठली?

वैदेही: वॉर्फरिन, रक्त पातळ ठेवायची.

परब काकू: मग रस अजिबात नको. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होताना त्यांना के लागतं. ही गोळी नेमकं तेच अडवते. एकदम एवढा पाला पोटात गेला तर गोळीचा जोर उतरेल, झडपेवर गुठळी धरायची भीती. आणि मनाने गोळी बंदही करू नकोस. रक्त येतंय म्हणजे आत्ता कदाचित जोर जास्त झालाय. आजच आयएनआर कर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. मध्ये दुसरं औषध दिलंत?

वैदेही: गेल्या आठवड्यात तापाला अँटिबायोटिक होतं.

परब काकू: तरीच. काही अँटिबायोटिकनी वॉर्फरिनचा जोर वाढतो. डॉक्टरांना हे आधी सांग.

नीलेश: म्हणजे फॉरवर्ड खोटं?

परब काकू: अर्धवट. के कमी पडलं तर रक्त थांबत नाही, हे खरं. म्हणून तर जन्मल्या जन्मल्या बाळाला के चं इंजेक्शन देतात. नोकरीत मी किती दिली, मोजदाद नाही. पण पालेभाजी खाणाऱ्या धडधाकट माणसाला ते सहसा कमी पडत नाही. हिरड्यांतलं रक्त बहुतेकदा दातांच्या मुळाशी साठलेल्या किटणाचं. ते रसाने निघत नाही, दातांच्या डॉक्टरकडेच जावं लागतं. मिश्री लावणाऱ्यांनी तर मला विचारूच नये.

गावडे काका, ए-१०२: ता माका काय गो? 😄 बरा, ह्या के बांगड्यात असता काय?

परब काकू: माशात नावापुरतं, काका. टाकळा, माठ, शेवगा खा. तेल-खोबरं घालून, तेलाशिवाय ते नीट अंगी लागत नाही.

वैदेही (संध्या. ७.४०): आयएनआर ४.८ आला. आबांना ३.५ च्या वर नको सांगितलंय. डॉक्टरांनी आजची गोळी थांबवली, दोन दिवसांनी परत रक्त तपासायचं. पालेभाजी रोजच्याइतकीच ठेवा म्हणाले, कमी नको, जास्त नको. काकू, वाचवलंत.

गावडे काका: मगे तो पालो माका दी गो. सुकट घालून भाजी बरी लागता.