अनुभव धागा: तुमची जुनी गाडी कुठे, कधी आणि का तापली?

परवा खंबाटकीत पुन्हा तेच दृश्य दिसलं. बोनेट वर केलेली जुनी गाडी, मागच्या चाकाला दगड, आणि पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन उभं कुटुंब. थांबलोच, कारण दोन वर्षांपूर्वी जवळपास त्याच वळणावर मी उभा होतो.

माझी १९९९ ची मारुती एट हंड्रेड. चार महिन्यांत थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व) बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर उतरवून धुतला. दर वेळी मेकॅनिक म्हणायचा, "आता बघा साहेब, बर्फ!" आणि पुढच्या घाटात काटा पुन्हा लालवर. एका रविवारी सकाळी गाडी रात्रभर गार झालेली असताना सहज बोनेट उघडलं, तर रेडिएटरला जोडलेली प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर मात्र चार बोटं रिकामा. म्हणजे तापल्यावर पाणी बाटलीत जात होतं, पण गार झाल्यावर परत ओढलं जात नव्हतं. दोष झाकणात निघाला. आतला छोटा व्हॉल्व चिकटलेला, रबर कडक होऊन चिरलेलं. माझ्या झाकणावर ०.९ असा दाबाचा आकडा आहे, तो सजावटीचा नाही. तेवढा दाब धरला तर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब सुटत असेल तर १०० लाच, आणि घाटमाथ्यावर त्याच्याही थोडं आधी. नवं झाकण चौघांच्या मिसळीपेक्षा स्वस्तात आलं.

तुमचे अनुभव येऊ द्या. नुसतं "गाडी तापायची" म्हणू नका. सिग्नलला तापायची, घाटात, की कुठेही? पाणी कमी व्हायचं का? गॅरेजात हे कुणी विचारत नाही, हाच माझा राग आहे.

घोडबंदरकर

माझी फक्त ट्रॅफिकमध्ये तापायची. नाशिक हायवेला लागलं की काटा निमूट खाली. गंमत म्हणजे एसी लावला की गार! बायको म्हणाली, "गाडीलाही एसी हवा असेल." कारण साधं होतं. माझ्या गाडीत एसी सुरू केला की रेडिएटरचा पंखाही फिरतो. एरवी तो पाण्याच्या तापमानावर सुरू व्हायला हवा, तो होतच नव्हता. मेकॅनिकने रेडिएटरवरच्या स्विचचा कनेक्टर काढून दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली. पंखा गर्रकन फिरला. मोटर चांगली, रिले चांगला, स्विच मेलेला. पाच मिनिटांचं काम. त्याआधी दुसऱ्या गॅरेजने मला नवी मोटर बसवायला लावली होती, ते सोडा.

बोअरचं पाणी

वर लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं. गावात गार, पण सोलापूर रस्त्याला ८० वर पंधरा मिनिटं चालवली की काटा चढायला लागायचा. वेगात वारा मिळतोच, मग पंख्याचा प्रश्न नाही. पाणीच नीट फिरत नव्हतं.

आमच्या नानांचं तत्त्वज्ञान असं की गाडी म्हणजे म्हैस, तिला पाणी पाजत राहायचं. वीस वर्षं बोअरचं पाणी पाजलं. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात घालायचं रंगीत द्रव) म्हणजे कंपन्यांची लूट. इंजिन बंद करून, पंख्याचा कनेक्टर काढून, रेडिएटरवर पाठीमागून तळहात फिरवला तर वरचा भाग चटका देणारा आणि खालचा उजवा कोपरा चक्क कोमट. जिथे गार लागतं तिथल्या नळ्या बुजलेल्या. जुना पितळी रेडिएटर, म्हणून गल्लीतल्या मिस्त्रीने वरची टाकी झाळ सोडवून काढली आणि एकेका नळीतून पट्टी घातली. विटकरी रंगाचा चिखल आणि चुन्याच्या खपल्या घमेलंभर निघाल्या. नाना शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "ही घाण मेकॅनिकनेच टाकली असणार."

वऱ्हाडी पाहुणा

माझी चूक सांगतो, महागात पडलेली. मे महिना, दुपारी अमरावतीहून निघालो. काटा लालपाशी गेला. थांबायला सावली नाही, म्हटलं पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ. दोन-तीन किलोमीटरवर काटा आपोआप खाली आला, अगदी गार इंजिनसारखा. मी खूश. हीटर लावला होता, इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते म्हणून. तर त्यातूनही गार वारा यायला लागला. वाटलं, निभावलं.

काटा खाली आला कारण पाणीच संपलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला नसेल तर तो काय मोजणार? हीटरमध्येही पाणी नाही, म्हणून वारा गार. पुढे दोन किलोमीटरवर टकटक आवाज आला आणि इंजिन बंद.

रेडिएटरचा खालचा होज (रबरी पाइप) क्लिपपाशी फाटला होता. मामुली काम. पण त्यानंतर रोज सकाळी पांढरा धूर, त्याला गोडसर वास. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर. (नुसता थर पाहून घाबरू नका, थंडीत जवळच्या जवळ गाडी फिरवली तरी तो येतो.) गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट केली तर तोंडाशी बुडबुडे थांबेनात. एका जुन्या फिटरने नळीत तपासणीचं निळं द्रावण घेऊन रेडिएटरच्या तोंडावर धरलं. इंजिनचा धूर रेडिएटरच्या पाण्यात येत असेल तर ते द्रावण पिवळं पडतं. पडलं. हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) उडालेलं, ॲल्युमिनियमचं हेड वाकलेलं. लेथवर फेसिंग करून, म्हणजे सपाट करून बसवलं. पाच किलोमीटरच्या आळसाचं बिल अजून आठवतं.

फियाटवाले काका

आमच्या पद्मिनीत एकच पट्टा पंखा, पाणी आणि चार्जिंग सगळं फिरवायचा. चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि लगेच गाडी तापली तर समजायचं, पट्टा तुटला. एकदा बोरघाटात पायजम्याची नाडी बांधून पाहिली. शंभर फूट टिकली.

कोथरूडची मावशी

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे मला माहीत होतं. तरी ओला टॉवेल टाकून पाव फेरा फिरवला. उजव्या मनगटावरचा डाग अकरा वर्षं आहे. वरचा होज दाबून पाहा, टणक लागला तर हात मागे. अर्धा तास थांबा, कितीही हॉर्न वाजू देत.

कुडाळकर

थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, आपल्या हवामानात लागत नाही.

बोअरचं पाणी

@कुडाळकर, नको हो. इंजिन वेळेवर तापतच नाही आणि पेट्रोल जास्त जातं. शंका असेल तर बाहेर काढून दोऱ्याला बांधा, चहाच्या पातेल्यात सोडा, थर्मामीटर लावा. माझ्या थर्मोस्टॅटवर ८२ कोरलेलं होतं. ८२ च्या आसपास हलायला लागला, पाणी आणखी तापल्यावर पूर्ण उघडला, म्हणजे चांगला. पातेलं आधी विचारून घ्या.

नवीन_सभासद

माझा काटा हेडलाइट लावले की चढतो, बंद केले की उतरतो. रेडिएटर बदलायला सांगितलाय.

घोडबंदरकर

@नवीन_सभासद, थांबा! दिव्यांनी पाणी तापत नाही, मीटरच चुकीचं दाखवत असेल. मीटरची आणि इंजिनची अर्थ वायर घासून, आवळून पाहा.

चिपळूण१९

माझी वेगळीच तऱ्हा. आठवड्याला लिटरभर पाणी पिते. खाली एक थेंब नाही, धूर पांढरा नाही, ऑइल स्वच्छ. कुंभार्ली चढताना तापते. मेकॅनिक हेड खोलू म्हणतोय.

धागाकर्ता

@चिपळूण१९, हेड राहू दे. आतून काचेवर वाफ धरते का? डॅशबोर्डखाली डाव्या बाजूचं मॅटिंग उचलून पाहा, हीटरची जाळी गळत असेल.

चिपळूण१९

आत्ता पाहून आलो. खाली फोम चिंब, बोटांना चिकट, हिरवट. मी चार महिने पावसाचं समजून पेपर अंथरतोय.