बलूनच्या डेटात 18 किमीच्या वर तापमान झुलतंय, स्मूथ करू का?

कोल्हापुरी_फिजिक्स: नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सिंगापूरच्या वेदर बलूनचा डेटा घेऊन ग्राफ काढलाय. 17 किमीपर्यंत तापमान उणे 80 च्या आसपास उतरतं, पुढे ओझोनमुळे वाढतं हे कळलं, पण ते वाढणं सरळ नाहीये, दर दोन-तीन किमीला दोनेक डिग्री मागेपुढे होतंय. सर म्हणतात सेन्सरचा नॉईज आहे, स्मूथ कर. मला काही पटेना.

ढगवेडी: अरे अजिबात करू नकोस, तोच तर तुझा प्रोजेक्ट आहे! खाली गडगडाटी ढगांनी हवा जोरात वर ढकलली की त्या धक्क्याच्या लाटा वर जातात आणि वर हवा विरळ म्हणून त्या मोठ्या होत जातात. 18 ते 25 किमीचा तुकडा घे, सेकंड ऑर्डर पॉलिनॉमियल (म्हणजे एक साधी वक्ररेषा) फिट करून मूळ तापमानातून वजा कर, उरलं ती लाट.

सोंडेवाला: नॉईज असतोच, पण तो वेगळा दिसतो. सोंड, म्हणजे बलूनखालचं मोजमापाचं यंत्र, साधारण 30 मीटर दोरीवर लटकतं, एका झोक्याला 11 सेकंद, बलून सेकंदाला 5 मीटर चढतो, म्हणजे झोक्याचा खेळ पन्नास-साठ मीटरचा, दोन किमीचा नाही. उन्हाने सेन्सर तापल्याची शंका असेल तर तिथली रात्री 8 ची उड्डाणं बघ. आणि डेटा दर एक-दोन सेकंदांचा घे, मोजक्या प्रेशर लेव्हलवाल्यात ह्या लाटा धड सापडत नाहीत.

कोल्हापुरी_फिजिक्स: भारी! मग वाऱ्याचा होडोग्राफ (उंचीबरोबर वाऱ्याचा वेग-दिशा कशी बदलते त्याचा आलेख) काढून लाट वर जातेय की खाली ते कळेल ना?

ढगवेडी: सिंगापूरला नको, ते विषुववृत्ताला खेटून आहे, कोरिऑलिस (पृथ्वीच्या फिरण्याने वारा वळणं) जवळपास शून्य, म्हणून होडोग्राफचं लंबवर्तुळ नीट येत नाही. त्यासाठी तिरुपतीजवळच्या गदंकीचा डेटा मिळतो का बघ. तिथे उंचीबरोबर वारा घड्याळाच्या दिशेने फिरला तर ऊर्जा वर चाललीय.

सोंडेवाला: सिंगापूरला केल्व्हिन लाटा (विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणाऱ्या मोठ्या लाटा) शोध की! त्यांची उभी लांबी 6 ते 10 किमी, पॉलिनॉमियल वजा केलं तर त्याही निघून जातील, म्हणून ते नको, तीन महिन्यांची सरासरी वजा कर आणि रोजचे ग्राफ शेजारी शेजारी लाव, गरम पट्टा दिवसागणिक खाली सरकताना दिसेल. वॉलेस आणि कौस्की यांनी 1968 मध्ये बलूनच्या डेटातूनच ह्या दाखवल्या. तिथल्या वरच्या वाऱ्याची दिशा साधारण 28 महिन्यांच्या चक्रात उलटते ती अशाच लाटांच्या रेट्याने. 2016 च्या सुरुवातीचा डेटा तर घेच, 1953 पासूनच्या नोंदीत ते चक्र पहिल्यांदा तेव्हा बिघडलं.