आधी वार की आधी तपासणी?
धोका प्रत्यक्ष उभा राहण्याआधीच वार करण्याचे अमेरिकेचे २००२ चे धोरण पटत नसेल तर दुसरा मार्ग दाखवा, हे आपले म्हणणे रास्त आहे. परंतु तो मार्ग खुद्द इराकमध्येच चालू होता. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रतपासणीचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक नोव्हेंबर २००२ पासून तेथे तपासणी करत होते, आणि संयुक्त राष्ट्रांनी घातलेली १५० किलोमीटर पल्ल्याची मर्यादा ओलांडणारी अल-समूद क्षेपणास्त्रे त्यांच्या देखरेखीखाली बुलडोझरने चिरडली जात होती, त्याच मार्च २००३ मध्ये अमेरिकेचे आक्रमण झाले. ज्या महासंहारक शस्त्रांचे कारण पुढे केले, ती सापडली नाहीत.

सद्दामने निरीक्षकांना दार उघडले ते फौजेच्या धाकाने, हे मला मान्य आहे; पण धाक वेगळा आणि वार वेगळा. १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी क्युबावर बॉम्बफेक टाळून नाकेबंदी केली, तिला युद्धाची कृती ठरू नये म्हणून सौम्य नाव दिले आणि तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचे गुपचूप कबूल केले. आम्हा ग्वाल्हेरकरांना तर जवळच्या सालबाईचा १७८२ चा तह आठवतो: महादजी शिंद्यांनी तलवार हाताशी ठेवूनच इंग्रज आणि पेशवे यांच्यात मध्यस्थी केली, आणि पुढचे इंग्रज-मराठा युद्ध १८०३ पर्यंत लांबले.