सिकलसेल: बीसीएल११ए जनुक सरळ बंदच का करत नाहीत?

जीवतंत्र_एमएस्सी:
जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतो तो बीसीएल११ए. सिकलसेलमध्ये (सदोष हिमोग्लोबिनमुळे लाल पेशी विळ्यासारख्या होतात) तेच हिमोग्लोबिन परत हवंय. मग कॅसजेव्हीत, म्हणजे सिकलसेलवरच्या जनुक-संपादन उपचारात, जनुक सोडून त्याच्या एन्हान्सरवर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) काप का? एक्झॉनच (प्रथिनाची माहिती असलेला जनुकाचा भाग) तोडला तर दाब पुरता सुटेल ना? गडचिरोली-नंदुरबारमध्ये सिकलसेल बराच आढळतो, त्यामुळे वर्गात हा प्रश्न हमखास निघतो.

मज्जारंग:
दाब सुटेल, पण रक्त घडवणारी मूळपेशी हातची जाईल. बीसीएल११ए फक्त लाल पेशींचा नाही. बी-लिम्फोसाइट त्याच्याशिवाय घडत नाहीत. उंदरांत तो काढला की रक्ताच्या मूळपेशी घटतात, प्रत्यारोपणात मज्जा नीट भरत नाहीत, अकाली म्हातारपण आल्यासारख्या वागतात. रुग्णाची मज्जा बुसल्फान या औषधानं आधीच रिकामी केलेली असते, तेव्हा त्याची सगळी भिस्त या पेशींवरच.

म्हणून काप दुसऱ्या इंट्रॉनमधल्या (एक्झॉनांच्या मधला भाग) एन्हान्सरवर, जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे ५८ किलोबेसवर (५८ हजार डीएनए-अक्षरांवर). तिथं लाल पेशींत जनुकं चालू करणारं गाटा१ हे प्रथिन बसतं. ती जागा बिघडली की लाल पेशींच्या वंशातच बीसीएल११ए उतरतो, बाकी वंशांना धक्का नाही. शिवाय इथं योग्य डीएनएचा साचा देऊन दुरुस्ती करायची नसते, पेशीनं कापलेली टोकं जोडताना झालेली नुसती चूक पुरते. सुप्त मूळपेशींत साच्याची दुरुस्ती फार कमी होते, त्यामुळे ही मोठीच सोय.

जीवतंत्र_एमएस्सी:
एक्झॉन कापूनही मिथाइलसेल्युलोजमध्ये (पेशी वाढवायचं घट्टसर माध्यम) पेशींच्या वसाहती छान आल्या, तर?

पिपेटवाला:
त्यावर विसंबू नका. १४ दिवसांच्या वसाहती बहुतेक पूर्वज पेशींच्या, म्हणजे मूळपेशींपासून पुढे घडलेल्या अल्पजीवी पेशींच्या असतात. सीडी३४ ही खूण बघून वेगळ्या काढलेल्या पेशींतही खऱ्या मूळपेशी मोजक्याच. कापानंतरच्या पेशी एनएसजी उंदरात (प्रतिकारशक्ती नसल्यानं मानवी पेशी स्वीकारणारा) सोडा, १६ आठवड्यांनी मज्जा काढा आणि कापाची टक्केवारी सुरुवातीशी ताडून बघा. समजा ८५ होती आणि ४० उरली, तर कापलेल्या मूळपेशीच गळाल्या. बी-पेशी वेगळ्या काढून मोजा. एनएसजीत मानवी बी-पेशींचंच पीक येतं, एक्झॉनचा घोटाळा तिथं लगेच दिसतो.

पण टक्का घसरला म्हणून दोष लगेच जनुकावर टाकू नका. एससीएफ, टीपीओ, एफएलटी३-लिगँड ही वाढीची प्रथिनं घालून पेशी दोनेक दिवसच ठेवा. जास्त दिवस ठेवल्या तर त्या विभागतात आणि मूळपण हरवतं. काप नसलेला, पण (कापाचं साहित्य पेशीत शिरवताना देतात तो) विजेचा धक्का दिलेला गट तुलनेसाठी सोबत हवाच.

मज्जारंग:
आणि पेशी गोळा करतानाही जपावं लागतं: सिकलसेलच्या रुग्णाच्या मूळपेशी मज्जेतून रक्तात आणायला प्लेरिक्साफोर हे औषध वापरतात. एरवी वापरतात त्या जी-सीएसएफनं जीवघेणा क्रायसिस (विळ्यासारख्या पेशींनी रक्तवाहिन्या तुंबणं) येऊ शकतो.