अनुभव सांगा : तुमच्याकडे काय 'सेट' होतं?

ऑक्सफर्डच्या १९८९ च्या मोठ्या कोशात 'सेट' या एवढ्याशा शब्दाचे ४३० अर्थ होते. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, ते सोडा. कोशातलं नको, तुमच्या कामातलं, घरातलं लिहा. टेनिसचं मीच उरकते: २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर-माहू लढतीचा पाचवा सेट ७०-६८ वर संपला.

*

मी बांधकामातला. आमच्याकडे सेट होतं ते सिमेंट. साध्या ओपीसीनं, म्हणजे ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंटनं, पहिली ३० मिनिटं तरी धरायला लागू नये आणि ६०० मिनिटांच्या आत धरलंच पाहिजे, असं मानक. लॅबमध्ये विकाटची सुई पेस्टमध्ये सोडायची. तळापासून साधारण पाच मिलिमीटरवर अडली, की सुरुवात झाली समजायचं. सेट झालं म्हणजे ताकद आली असं नव्हे, ती पुढे कित्येक दिवस येत राहते. क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, उगाच करत नाहीत! बायकोनं एकदा "दही सेट झालंय का बघ" म्हटलं, तर मी सवयीनं बोट खुपसून पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

*

दही 'लागतं' हो. सेट कधीपासून व्हायला लागलं?

*

भोसरीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, सेटर आहे. जॉब बदलला की टूल लावायचे, ऑफसेट (टूलच्या मापांचे आकडे) भरायचे, पहिला पीस काढून क्वालिटीवाल्याकडून पास करून घ्यायचा, मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात. गावच्या मित्राचा फोन आला आणि "सेटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" म्हटलं, की तिकडून पहिला प्रश्न: कोण आहे रे ती?

*

माझं एम.ए. मराठी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट ही सहायक प्राध्यापकाची पात्रता परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, ती पास झाले. लग्नात एका काकूंनी विचारलं, "मग, सेट झालीस ना गं?" मी खुशीत "हो, मागच्याच वर्षी!" काकूंनी लगेच गळ्यात मंगळसूत्र शोधलं. बाकी सेट होऊनही शिकवते तासिका तत्त्वावरच, तेव्हा काकूंच्या अर्थानं अजून काहीच नाही.

*

नाटकाच्या दौऱ्यावर सेट 'लागतो' आणि 'उतरतो'. दुपारी टेम्पो उशिरा आला तर आधी दार आणि सोफा लावून घेतो, भिंती मागाहून. नटांना एन्ट्री कुठून ते कळलं की निम्मं काम झालं.