ग्लॅडिएटर: खरा कोमोडस जास्त भन्नाट होता

रोमन सम्राट कोमोडस खलनायक असलेल्या ‘ग्लॅडिएटर’ सिनेमाला (२०००) इथल्या चर्चेत एकाने इतिहासाचा खून म्हटलंय, तर दुसऱ्याने ‘सिनेमा बघा, खुसपटं काढू नका’ असं सुनावलंय. गव्हाच्या ओंब्यांवरून फिरणारा तो हात माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही. पण सिनेमातला कोमोडस बापाला मिठीत घुसमटवून मारतो आणि गादी मिळवतो? अहो, खरा कोमोडस इ.स. १७७ पासूनच बापासोबत सहसम्राट होता! आणि १९२ मध्ये मेला तो सिनेमातल्यासारखा आखाड्यात नव्हे, नार्सिसस नावाच्या मल्लाने गळा आवळून.

माझी तक्रार वेगळीच आहे. खऱ्या कोमोडसने आखाड्यात शहामृग मारून त्याचं मुंडकं सिनेटरांपुढे (रोमच्या राज्यसभेच्या सदस्यांपुढे) धरलं होतं. तिथेच बसलेला सिनेटर आणि इतिहासकार डिओ लिहितो, हसू दाबायला आम्ही डोक्यावरच्या पानांच्या मुकुटातली पानं चघळली. हा सीन सोडलाच कसा?