विमानात बसण्याआधी एक बियर: चालेल का?

ए-२०३ (काका): नमस्कार मंडळी. शुक्रवारी पहाटे आम्ही दोघं लेकीकडे लंडनला निघतोय, मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) वरून. पहिलाच परदेश प्रवास, धाकधूक आहे. जावई म्हणाले, इमिग्रेशन झालं की आत बार आहे, एक मोठी बियर घ्या, छान झोप लागेल. घेऊ का?

सी-१०१: बिनधास्त घ्या काका. मी दरवेळी घेतो.

बी-५०२: घरात मुलंही आपल्या सोसायटीचा हा ग्रुप वाचतात, जरा जपून.

सी-७०४ (ताई): राहू द्या ना, हे मुलांनीही वाचलेलं बरं. काका, मी ११ वर्षं केबिन क्रूमध्ये होते. विमानातली हवा कमी दाबाची असते, ६ ते ८ हजार फुटांवर असते तशी. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर बसून तुम्ही रात्र काढणार. वर ती कोरडी. २०२४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तरुण, धडधाकट लोकांना थोडी दारू देऊन तेवढ्याच कमी दाबात झोपवलं, तर रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास आला. आठवा, कोविडमध्ये ९४ च्या खाली आकडा गेला की आपली काय धावपळ व्हायची!

माझ्या एका रात्रीच्या फ्लाइटमध्ये तुमच्याच वयाचे एक गृहस्थ बारमधून दोन पेग घेऊन आले होते. जेवण झालं, झोपले. तीन तासांनी बाथरूमला म्हणून उठले आणि गॅलीच्या (विमानातल्या स्वयंपाकघराच्या) पडद्यापाशीच कोसळले. कपाळ घामाने थबथबलेलं, हात बर्फासारखे. मी पाय उंच धरले, सहकाऱ्याने ऑक्सिजनची बाटली आणली. वाचले, पण त्यांच्या बायकोचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. काका, तुम्ही बीपीची गोळी घेता ना?

ए-२०३ (काका): हो. आणि प्रवासासाठी झोपेची अर्धी गोळी दिलीय डॉक्टरांनी.

सी-७०४ (ताई): मग अजिबात नको. झोपेची गोळी आणि दारू एकत्र कधीच नाही.

सी-१०१: हे मला माहीत नव्हतं ताई. काका, माझं ऐकू नका.

डी-३०४: अजून एक. मुंबईचा विमानतळ ‘सायलेंट’ आहे, बारमध्ये बसून घोषणेची वाट बघू नका. माझ्या भावाची फ्लाइट अशीच गेली. गेट विमान सुटायच्या आधीच बंद होतं, आणि टी-२ ला काही गेट चांगलीच लांब आहेत. काकूंना चालायला वेळ लागतो, आधी गेट गाठा, मग चहा घ्या.

सी-७०४ (ताई): आणि ड्यूटी फ्रीची बाटली घेतलीत तर विमानात उघडायची नाही. क्रूने दिलेलीच प्यायची असा नियम आहे. दारू जास्त झालेली दिसली तर विमानात चढूसुद्धा देत नाहीत.

ए-२०३ (काका): बियर रद्द. पाणी पीत राहतो. ताई, दोन महिने झाडांना पाणी घालायला किल्ली कुणाकडे ठेवू?

सी-७०४ (ताई): माझ्याकडे द्या. गुरुवारी संध्याकाळी खाली येते, काकूंना मधली सीट नको असेल तर तेही तेव्हाच बघू.